साईंचा विरह

मी कातिब. दुसऱ्यांनी रचलेलं देखण्या अक्षरात उतरवून छापखान्याकडे धाडायचं, हा माझ्या बापाचा धंदा आणि माझाही. सिंधूच्या पश्चिम काठावर सखी निहाल शाहांचा दर्गा आहे. त्याच्या मागच्या ओसरीत माझी चटई, दौत आणि बोरूंचा डबा असे. बावीस वर्षं मी तिथं बसलो. त्यातली शेवटची सात वर्षं मी साईं फाजल शाहांच्या कविता लिहून काढल्या. आयुष्यातलं इतकं लाजिरवाणं काम मी दुसरं केलेलं नाही.

निहाल शाह हे साईंचे खापरपणजोबा, लोक त्यांना सखी, म्हणजे दानशूर, म्हणत. त्यांचं काव्य आमच्याकडे गुराख्यालाही पाठ. दर गुरुवारी संध्याकाळी फकीर दर्ग्याच्या अंगणात गोल करून बसतात, दंबुऱ्यांच्या तारा जुळवतात आणि बाईसारख्या चढ्या आवाजात ते गातात. त्यात अल्लाहला कुठं यार म्हटलंय, कुठं नवरा, कुठं न सांगता उठून गेलेला पाहुणा. ऐकताना अंगावर काटा येतो. सखींनी आयुष्यभर अंगावर एक घोंगडी वापरली आणि मेले तेव्हा तीच त्यांच्यावर घातली.

साईं फाजल शाह त्यांच्या गादीवर बसले होते. वय पन्नाशीचं, दाढीला मेंदी, बोटांत फिरोज्याच्या चार अंगठ्या. वडील गेले तेव्हा ते दोन वर्षांचे होते, म्हणजे आठवणीत त्यांचं कुणी गेलेलंच नव्हतं. जमीन होती, शब्द झेलणारे मुरीद, म्हणजे शिष्य, होते, तीन बायका होत्या आणि तिघीही टुणटुणीत होत्या. पण खापरपणजोबांसारखा आपलाही दिवाण, म्हणजे कवितांचा संग्रह, असावा, उरुसात फकिरांनी आपलंही गावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. मग रोज न्याहारी झाली की ते तक्क्याला टेकून डोळे मिटत आणि मला म्हणत, "लिही, वलीडिनो. आज फार जळतंय."

मी लिहीत असे.

*तुझ्या विरहात, प्रियतमा, घास उतरत नाही घशाखाली,*
*रात्र विझते, तारे विझतात, माझी आग नाही विझाली.*

अशा साडेचारशे. पतंग जळतोय, मेणबत्ती वितळतेय, बुलबुल गुलाबापाशी रडतोय. साईंनी आयुष्यात बुलबुल पाहिला होता तो पिंजऱ्यातला, आणि तोही मांजरानं खाल्ला तेव्हा साईंनी आधी विचारलं की पिंजरा शाबूत आहे ना. मी मान खाली घालून अक्षरं काढत असे. अक्षर माझं इतकं चांगलं की भिकार ओळसुद्धा त्यात खानदानी दिसायची. मनातल्या मनात मी त्या प्रत्येक ओळीवर थुंकत होतो, पण दुपारी लंगरात पहिली पंगत माझी असे आणि ती मी कधी चुकवली नाही.

साईंच्या सेवेत आणखी एक माणूस होता, लाखो. मोहाण्यांचा, म्हणजे नदीवर मासे मारणाऱ्या जातीतला. त्याची आई, माई जामुल, हिनं साईंना दूध पाजलं होतं. लाखो आणि साईं एकाच छातीवर वाढलेले, एकाच वयाचे. पण एकाच्या वाट्याला गादी आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला त्या गादीवरच्या माणसाची जुती. लाखो ती जुती सांभाळी, हुक्का भरी, पाय चेपी. मी त्यालाही तुच्छ लेखत असे. धन्याची कविता ऐकून जो माणूस खरोखर डोळे पुसतो, त्याला दुसरं काय म्हणायचं?

त्या वर्षीचा उरूस ऐन आंब्याच्या दिवसांत आला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मांडव भरला. पुढच्या खुर्च्यांवर साहेबलोक, मागे मुरीद आणि कनातीच्या पलीकडे बायका. साईं स्वतः वाचायला उभे राहिले. घास न उतरण्याची ती कविता त्यांनी काढली आणि आवाज असा काही भरून म्हटली की मुरीद ओरडले, "वाह साईं! वाह!"

तेवढ्यात कनातीपलीकडून हसू आलं. चोरटं नव्हे, पोट धरून हसलेलं.

साईं थांबले. "कोण हसलं?"

"मी हसले, फजलू." माई जामुल कनात बाजूला सारून पुढं आली. साईंना त्या नावानं हाक मारणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं. "चोरून कशाला हसू?"

"अमां, बस तू. ही अल्लाहच्या प्रेमाची गोष्ट आहे. तुला नाही कळायची."

"का नाही कळायची? सखींची मला सगळी गाणी येतात. ती ऐकून हसले का मी कधी? घास उतरत नाही म्हणतोस, आणि सकाळी पराठ्यावर साय कमी म्हणून बायकोला बोललास, ते मी चुलीपाशी बसून ऐकलं. तुझं कोण गेलंय रे? तुझी जुतीसुद्धा कधी हरवली नाही, माझा लाखो राखतो."

पुढच्या खुर्च्यांवरचे साहेबलोक आपापल्या बुटांकडे पाहू लागले. मला मात्र आतून उकळ्या फुटत होत्या. सात वर्षं जे माझ्या जिभेवर होतं ते ही म्हातारी बोलत होती. मी उपरणं तोंडाशी धरलं आणि नेमकं तिनं ते पाहिलं.

"आणि हा लिहिणारा बघा! माझ्याहून जास्त हसू याला येतंय. पण हसेल कसा? तोंडात साईंचाच घास आहे ना!"

सगळा मांडव हसला. साईंवर हसता येत नव्हतं ते माझ्यावर हसून घेतलं लोकांनी. माझे कान तापले ते आजही आठवलं की तापतात.

दोन दिवस साईं खोलीबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"वलीडिनो, अमां बरोबर बोलली. विरह भोगल्याशिवाय खरं काव्य येत नाही. मी चिल्ल्याला बसणार. चाळीस दिवस नदीतल्या बेटावर, एकटा. सखी बसले होते तसा."

"एकटे, साईं?"

"एकटाच. तू, आचारी आणि हुक्क्याला एक पोऱ्या."

सखी बेटावर गेले तेव्हा त्यांच्यापाशी मूठभर भाजलेले चणे होते, असं फकीर गातात. साईंच्या विरहाला मोठ्या होडीच्या दोन खेपा लागल्या. पलंग, दुहेरी गादी, तक्के, आंब्याच्या करंड्या, तुपाचा डबा, मच्छरदाणी, कोंबड्या. वाळूवर गवताची झोपडी बांधली होती, तिला आतून रंगीत गोधड्या लावल्या, कारण गवत टोचतं. सतरंजी अंथरली गेली तेव्हा साईंनी उसासा सोडला आणि म्हणाले, "आता या दुनियेशी माझा काही संबंध नाही." मग विचारलं, "पिण्याच्या पाण्याचं काय?"

नदीचं पाणी गढूळ आणि कोमट. ते साईंना सोसेना. म्हणून ठरलं की लाखोनं रोज दुपारी काठावरच्या गावातून बर्फ आणायचा. गोणपाटात भुसा घालून त्यात बर्फाची लादी गुंडाळायची आणि छोट्या होडीनं बेटावर पोचवायची. येताना मिळाला तर पल्ला मासाही आणायचा.

लाखो रोज येई. पन्नाशीचा माणूस, गुडघे दुखरे, पण वल्हं मारताना तरणा दिसे. मी एकदा त्याला वाळूवर गाठलं.

"काय लाखो, तुझ्या धन्याला विरह थंडगार लागतो वाटतं?"

तो हसला. त्याला टोमणा लागतच नसे. "अदा, भावा, तू शिकलेला आहेस, तुला त्यांच्या गोष्टी हसण्यासारख्या वाटतात. पण त्यांना लहानपणापासून एकटं राहवत नाही. अंधार पडला की घाबरायचे. मी पायाशी झोपायचो, पाय लागला की त्यांना झोप यायची. इथं कसं निभावतात अल्लाह जाणे."

"मग राहा की इथं."

"चिल्ला आहे ना! मी पायाशी झोपलो तर तो मोडेल. नाव खराब होईल त्यांचं." असं म्हणून त्यानं गोणपाट खांद्यावर घेतलं आणि झोपडीकडे गेला. भिजलेल्या भुशाचं पाणी त्याच्या पाठीवरून ओघळत होतं.

साईंचं म्हणाल तर पहिल्या सोळा दिवसांत एकही नवी ओळ आली नाही. डोळे मिटायचे, घोरायचे, उठून म्हणायचे, "जवळ आलं होतं, निसटलं." सतराव्या दिवशी नदी फुगली. वर कुठं तरी पाऊस लागला असावा. पाण्याचा रंग बदलला, झाडोरा वाहून येऊ लागला. लाखो आला तो धापा टाकत.

"साईं, उद्या जमेलसं वाटत नाही. धार तिरकी झालीय. एक-दोन दिवस थांबलं पाहिजे."

"एक-दोन दिवस?" साईंनी आंब्याची कोय बाजूला ठेवली. "लाखू, इथं मी जीव जाळतोय. चाळीस दिवसांत तू मला एवढंही देणार नाहीस? घसा सुकला तर मी रचू काय?"

लाखोनं पाण्याकडे पाहिलं आणि मग साईंकडे. "बरं साईं. येतो."

मी तिथंच बसलो होतो. हातात बोरू होता आणि पुढं कोरा कागद. मी बोललो नाही. का बोललो नाही याचं उत्तर मी पुढं खूप शोधलं आणि प्रत्येक वेळी मला लंगरातली पहिली पंगत आठवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी होडी दिसली तेव्हा साईं स्वतः काठावर आले. ऊन लख्ख होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. लाखो धारेच्या वरच्या अंगाला धरून येत होता, बरोबर येत होता. साईंनी हात उंचावून हाक मारली, "लाखूऽ, लवकर! वितळेल तो!"

लाखोनं हाकेसरशी मान वर केली. तेवढ्यात वरून मुळासकट वाहत आलेली बाभूळ होडीला आडवी लागली. होडी एकदा वर उचलली गेली आणि उलटली. त्याचं डोकं दोनदा दिसलं. तिसऱ्यांदा आम्ही वाट पाहत राहिलो.

मला पोहता येत नाही. आचारी आणि पोऱ्या ओरडत खालच्या अंगाला धावले. साईं गुडघाभर पाण्यात शिरले आणि तिथंच उभे राहिले. थोड्या वेळानं गोणपाटाचं बोचकं तरंगत आलं आणि खालच्या लव्हाळ्यात अडकलं. बर्फ बुडत नाही. साईं गेले, त्यांनी ते उचललं आणि छातीशी धरून वाळूवर बसले. मी म्हटलं, "साईं, ठेवा ते." त्यांना ऐकू आलं नसावं. पाणी त्यांच्या कुडत्यातून वाळूत झिरपत होतं. बोचकं चपटं होऊन नुसतं गोणपाट उरलं तरी त्यांचे हात तसेच होते.

मला दया आली असं मी सांगणार नाही. माझ्या मनात एवढंच आलं, आता हा याच्यावर कविता करील.

लाखो तिसऱ्या दिवशी चार कोस खाली मोहाण्यांच्या जाळ्यात सापडला. त्याला दफन केलं तेव्हा माई जामुल कबरीपासून लांब, बाभळीखाली बसली होती. साईं तिच्याकडे गेले, वाकले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. जमिनीवर बोटानं रेघा ओढत राहिली. बायका सांगत होत्या की ती एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणते, "मी हसले म्हणून." मी ते ऐकलं आणि जाऊन तिला काही सांगावं असं वाटलं, पण मी कबरीवर माती लोटणाऱ्यांत जाऊन उभा राहिलो.

चिल्ला मोडला. महिनाभर साईंनी मला बोलावलं नाही. मग एका सकाळी निरोप आला. ते तक्क्याला टेकलेले नव्हते, भिंतीकडे तोंड करून बसले होते. डोळे मिटले नाहीत, जळतंय म्हणाले नाहीत. नुसतं म्हणाले, "लिही."

*हाक माझी होती, पाणी तुझं झालं.*
*आता घोटाघोटाला तूच लागतोस ओठाला*
*आणि तहान जात नाही.*
*यार, परत ये. या खेपेला मी काही मागणार नाही.*

माझा हात थांबला. खोटं कशाला सांगू, ओळी चांगल्या होत्या. साडेचारशे कवितांच्या ढिगाऱ्यातून वर आलेलं ते एकच जिवंत माणूस होतं. आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. एवढ्या चार ओळी मिळवायला या माणसाला एक आख्खा लाखो लागला.

"कोणत्या भागात घालू, साईं?" मी विचारलं.

"कोणत्या म्हणजे? अल्लाहच्या प्रेमाच्या."

"हे तर लाखोचं आहे."

"यार म्हटलंय की मी."

"यार म्हटलं की लोक अल्लाह समजतात, साईं. सखींपासून तसंच चालत आलंय."

"समजू देत." त्यांनी तोंड वळवलं नाही. "गादीवरचा सज्जादा चाकरासाठी रडला असं उद्या मुरीद बोलतील. ते बरं दिसत नाही."

बरं दिसत नाही! नोकराला पाण्यात पाठवलं ते चाललं, त्याच्यासाठी रडणं दिसायला नको. म्हणून बिचाऱ्या अल्लाहच्या नावावर तेही घालायचं. मी ओसरीत आलो. छापखान्यासाठीचा पिवळा कागद पसरला. त्यावर जे लिहावं तेच छापायच्या दगडावर उमटतं आणि हजार प्रतींत जातं, मग पुसता येत नाही. मी सगळी कविता काढली आणि शेवटच्या ओळीत जिथं यार होतं तिथं लाखो लिहिलं. सात वर्षांत तो एकच शब्द मी माझ्या मनानं लिहिला होता.

कागद छापखान्याकडे जाण्याआधी साईं एकदा नजरेखालून घालत. मी बोरूंचा डबा आणि दौत फडक्यात बांधून ठेवली होती. हाकलून देतील याची मला खात्री होती. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. मी काय काय बोलणार हे चार दिवस घोकत होतो.

ते पानं उलटत त्या पानावर आले. बोट ओळीवरून सरकत शेवटाला गेलं आणि थांबलं.

"हे नाव मी सांगितलं नव्हतं."

"नाही, साईं."

"छंद अडखळतो इथं."

"अडखळतो."

बाहेर कुणी तरी म्हशीला हाकलत होतं. साईंनी नाकाशी बोट नेलं, फिरोज्याची अंगठी मागेपुढे केली.

"अडखळू दे," ते म्हणाले आणि पान उलटलं.

घोकलं होतं त्यातलं एकही वाक्य कामाला आलं नाही. मी कागद गोळा केले आणि बाहेर आलो. फार चिडलो होतो. ज्याला मी इतकी वर्षं मनापासून तुच्छ मानलं, त्यानं रागानं निघून जाण्याचं तेवढं एक दार माझ्या तोंडावर लावलं होतं.

दिवाण छापून आला. फकिरांनी साडेचारशे कवितांतली तीच एक उचलली. त्यांचा कान कधी चुकत नाही. पुढल्या उरुसात ती दंबुऱ्यावर गायली गेली, नावासकट, आणि मांडवात माणसं हमसून रडली. गाणं संपल्यावर शहरातून आलेले एक विद्वान उठले. चष्मा पुसत त्यांनी समजावून सांगितलं की इथं कवीनं मोठी खुबी केली आहे. लाखो हे काही माणसाचं नाव नव्हे. लाखो रूपांत नटलेला तो एक, त्यालाच ही हाक आहे. पाणी म्हणजे एकत्वाचा सागर आणि तहान म्हणजे जीवाची ओढ. लोक म्हणाले, "वाह! वाह!"

साईं पहिल्या रांगेत होते. त्यांनी वर पाहिलं नाही आणि ते बोललेही नाहीत. तेवढं धैर्य त्यांच्यात नव्हतंच. एका ओळीपुरतं आलं आणि संपलं.

माई जामुल कनातीच्या कडेला बसली होती. मी तिच्याजवळच होतो. तिनं माझी बाही ओढली. "हा चष्मेवाला काय म्हणतोय?"

मी सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "याला विचार, लाखोला याच्या गावात कुणी ओळखतं का? नसेल ओळखत तर गप बस म्हणावं. उगाच काय वाटेल ते सांगतो." मग फकिरांकडे बोट करत, "गाणाऱ्यांना सांग, पुन्हा म्हणा. मघाशी मला शेवट नीट ऐकू आला नाही."

विद्वानांचं बोलणं चालूच होतं. मी उठलो, सगळ्यांच्या पुढून चालत गेलो, त्यांच्या आणि लोकांच्या मधून, आणि फकिरांपाशी जाऊन बसलो. म्हटलं, माई जामुल पुन्हा म्हणायला सांगते आहे. त्यांनी साईंकडेही पाहिलं नाही आणि विद्वानांकडेही नाही. दंबुरे उचलले आणि सुरुवात केली. विद्वान काही वेळ त्या आवाजाच्या वर बोलू पाहत होते, मग बसले.

उरूस झाल्यावर मी दर्गा सोडला. आता मी गावातल्या मशिदीमागे मुलांना अक्षर शिकवतो. दुपारी घरीच जेवतो, जे असेल ते. साईंचा दुसरा दिवाण निघाला नाही. ते अजून आहेत, गादीवर बसतात, लोकांच्या डोक्यावर हात ठेवतात. उन्हाळ्यातही साधंच पाणी पितात, असं आचारी सांगत होता. मला त्याचं कौतुक नाही. माई जामुल दर गुरुवारी येते, फकिरांच्या अगदी जवळ बसते, आणि ती कविता झाली की सखींच्या कवितांसाठी थांबत नाही, उठून नदीच्या वाटेनं घरी जाते.